अंकुराची साक्ष

टेंभुर्णी म्हटले, की महाराष्ट्रातल्या बहुतेकांना सोलापूर जिल्ह्यातले, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव आठवते. ज्या टेंभुर्णीपासून हा लेख सुरू होतो, ती जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातली आहे. खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेले जाफराबाद, त्याच्या पलीकडे बुलढाणा जिल्ह्याची हद्द, आणि दक्षिणेला जुन्या व्यापाराचे जालना शहर, असा हा परिसर. कापूस, मका, सोयाबीन ही येथली नेहमीची पिके. याखेरीज जाफराबादपासून देऊळगाव राजापर्यंतच्या पट्ट्यात आणखी एक पीक निघते. ते आडत बाजारात विकले जात नाही आणि चुलीवरही चढत नाही. ते पीक म्हणजे बियाणे. दुसऱ्याने पुढच्या हंगामात पेरावे म्हणून या हंगामात पिकवलेले. येथला शेतकरी जिल्ह्याबाहेरच्या, कधी राज्याबाहेरच्या अनोळखी शेताचे भवितव्य आपल्या वावरात वाढवत असतो.

एक प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. जग बदलून टाकणारे तंत्रज्ञान अगदी आरंभी, इतरांना ते दिसण्यापूर्वी, कसे ओळखावे? पैसा गुंतविणाऱ्यांच्या जगात या प्रश्नाला मोठा मान आहे. त्याच्या उत्तरादाखल संगणक, दूरध्वनी, महाजाल यांच्या कथा सांगितल्या जातात, आणि त्या बहुधा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घडलेल्या असतात. परंतु नवे तंत्र समाजात कसे पसरते, याचा पद्धतशीर अभ्यास ज्या वस्तूपासून सुरू झाला ती वस्तू होती मक्याचे संकरित बियाणे. आयोवा राज्यातल्या दोन वस्त्यांमधील २५९ शेतकऱ्यांचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी केलेला अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९५७ मध्ये झ्वी ग्रिलिखेस या अर्थशास्त्रज्ञाने त्याच मक्याच्या प्रसाराचा आलेख मांडला. आरंभी रांगणारा, मध्ये झेप घेणारा आणि शेवटी सपाट होणारा तो वक्र आज गुंतवणुकीच्या प्रत्येक व्याख्यानात दाखविला जातो. तो मुळात मक्याच्या शेतातून उगवला, हे बहुतेक वक्त्यांच्या गावीही नसते.

तेव्हा हा प्रश्न आपल्याकडे, आपल्या मातीत विचारून पाहायला हरकत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तो विचारावा याला एक कारणही आहे. मराठी कथा-कादंबऱ्यांत पैसा देणारा माणूस येतो तो बहुधा सावकार म्हणून. तो जमिनीवर, दागिन्यावर, घरावर पैसे देतो. कल्पनेवर देत नाही. अजून अस्तित्वात नसलेल्या गोष्टीवर पैसा लावणारा माणूस माझ्या वाचनात तरी फारसा आलेला नाही. इतिहासात मात्र तो आहे.

*

पहिले उदाहरण सर्वपरिचित आहे, पण त्यातला एक तपशील सहसा ओझरता सांगितला जातो. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहिला आणि त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला. १९१२ च्या आरंभी ते लंडनला जाऊन आले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून त्यांनी यंत्रसामग्री मिळवली. पुढचा प्रश्न चित्रपट काढण्यासाठी लागणाऱ्या भांडवलाचा होता. हिंदुस्थानात जो धंदा कोणी करून दाखविलेला नाही, त्यासाठी पैसे कोण देणार?

फाळक्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रीकरण करून, महिन्याहून अधिक काळ, त्या दाण्याची वाढ टिपली. पडद्यावर ती काही क्षणांत दिसे. माती हलते, अंकुर वर येतो, रोप वाढू लागते. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही चित्रफीत त्यांनी निवडक लोकांना दाखविली. ती पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्जाऊ रक्कम द्यायला तयार झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

नाडकर्ण्यांनी नेमके काय पाहिले? पौराणिक कथा नाही, नट नाहीत, देखावे नाहीत. त्यांनी पाहिला तो एक लहान, स्वस्त आणि स्वतःपुरता पूर्ण असा प्रयोग. मानवी डोळ्याला जे कधीच दिसत नाही ते हे यंत्र दाखवू शकते, आणि समोर बसलेला माणूस ते यंत्र एकट्याने, महिनाभर न कंटाळता चालवू शकतो, एवढ्या दोन गोष्टी त्या अंकुराने सिद्ध केल्या. शिवाय नाडकर्णी छायाचित्रणाच्याच व्यवसायातले होते. आपण काय पाहत आहोत हे त्यांना कळत होते. दुसऱ्या एखाद्या धनिकाला कदाचित ती एक गंमत वाटली असती.

येथे आणखी एक नाव घेतले पाहिजे. चित्रपटासाठी सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने गहाण पडले. दिवसभर मंडळींचा स्वयंपाक सांभाळून रात्री फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही त्या करीत. नाडकर्ण्यांची गुंतवणूक कर्जाच्या हिशेबात नोंदली गेली असेल. सरस्वतीबाईंची कोणत्या हिशेबात नोंदली गेली? नव्या तंत्राच्या आरंभी अशी एक बिनलेखी गुंतवणूक जवळजवळ नेहमी असते, हे पुढच्या उदाहरणांसाठी लक्षात ठेवू.

फाळक्यांच्या कहाणीचा उत्तरार्धही विसरण्यासारखा नाही. १९१८ साली मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या भागीदारीत त्यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. भागीदारांशी त्यांचे पटले नाही आणि काही काळ ते काशीला निघून गेले. बोलपट आला तेव्हा काळ त्यांच्या पुढे गेला होता. मूकपट म्हणून केलेल्या ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज द्यावा लागला. १९४४ मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती चांगली नव्हती. पहिले तंत्र सर्वांआधी ओळखणाऱ्या माणसाला दुसरे तंत्र वेळेवर पेलता येईलच, अशी खात्री नसते.

*

दुसरे उदाहरण शेतीच्या जवळचे आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग, विसाव्या शतकाच्या आरंभी, लोखंडी नांगर. तो विकला जाईना. लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती, असे किर्लोस्करांच्या चरित्रांत सांगितलेले असते. त्या समजुतीला आपण हसतो. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर लाकडी नांगर गावच्या सुताराकडे बलुत्यात दुरुस्त होई. लोखंडी नांगराचा फाळ मोडला तर तो कोणाकडे न्यायचा? नव्या वस्तूवरचा अविश्वास अनेकदा त्या वस्तूमागे उभ्या नसलेल्या व्यवस्थेवरचा अविश्वास असतो. तो फक्त अंधश्रद्धेच्या भाषेत बोलला जातो.

बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात कुंडलजवळचे माळरान आणि भांडवलासाठी रक्कम दिली. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंतप्रतिनिधींना यंत्रशास्त्रातले फार कळत होते असे म्हणता येणार नाही; ते चित्रकार होते, कलांचे आश्रयदाते होते. त्यांनी यंत्राची पारख केली नाही, माणसाची केली. लक्ष्मणरावांचे काम त्यांनी पूर्वी पाहिलेले होते. नाडकर्ण्यांनी प्रयोगावर विश्वास ठेवला, बाळासाहेबांनी चारित्र्यावर. दोन्ही मार्गांनी पोहोचता येते, मात्र दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याला माणसे ओळखण्याची दीर्घ सवय लागते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे एक जोडफळ मिळते. नांगर आणि इतर यंत्रे खपविण्यासाठी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्याच्यामागून ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आले. मराठी मध्यमवर्गाच्या वैचारिक घडणीत ज्या मासिकांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ती न खपणाऱ्या नांगराच्या पोटी जन्मली. माळरानाला पैसा देणाऱ्या संस्थानिकाने हे फळ हिशेबात धरलेले असणे शक्यच नव्हते. तंत्रज्ञानाचा सर्वांत दूरगामी परिणाम बहुधा त्याच्या मूळ हेतूच्या बाहेर घडतो, आणि म्हणूनच ‘मी हे आधीच ओळखले होते’ हे वाक्य मागाहून उच्चारताना थोडा संकोच वाटायला हवा.

*

आता जालन्याकडे येऊ. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या शहराच्या व्यापारी वैभवातून आली. निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर येथून गेला आणि कापसाचा व्यापार वाढला. पैसा होता, व्यापाराची समज होती. परंतु शेतीत विज्ञान म्हणून काही येऊ शकते, ही जाणीव संस्थानी मराठवाड्यात क्षीण होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्या मुक्तिसंग्रामात विद्यार्थिदशेत भाग घेतलेले बद्रीनारायण बारवाले हे जालन्याचे तरुण पुढे शेतीकडे वळले.

डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. त्याच सुमारास ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या सुधारित वाणाचे बियाणे बारवाल्यांच्या हाती आले, असे त्यांच्या कारकिर्दीच्या वृत्तांतात सांगितले जाते. भेंडीची पाने आणि शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणुरोगाला हे वाण दाद देत नव्हते. ही भेंडी बाजारात भाजी म्हणून विकता आली असती. बारवाल्यांनी ती बियाणे म्हणून वाढवली आणि विकली. सगळ्या कहाणीचे बीज या लहानशा निर्णयात आहे. भाजी एका दिवसाचा भाव देते. बियाण्याला मात्र विकणाऱ्याच्या नावावरचा विश्वास लागतो, आणि तो एकदा बसला की दरवर्षी परत येतो.

शोध त्यांचा नव्हता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. पुसा सावनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची. मक्याचे पहिले भारतीय संकर १९६१ साली प्रसृत झाले, ते सरकारी संशोधक आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्यातून. १९६३ साली राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ ही संकरित ज्वारी आली, १९६५ मध्ये ‘एचबी-१’ ही संकरित बाजरी. १९६६ मध्ये बियाणे कायदा झाला. या तारखा एका ओळीत मांडल्या की त्या काळी उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला काय दिसू शकत होते ते कळते. संशोधन झाले होते, सरकार अनुकूल होते, शेतकऱ्याला गरज होती. अडत होते ते मधल्या एका ठिकाणी. प्रयोगशाळेतल्या मूठभर बियाण्याचे शुद्धता राखून हजारो पोती कोण करणार? १९६४ साली बारवाल्यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, काढली ती या तुटलेल्या दुव्याच्या जागी.

तंत्रज्ञान लवकर ओळखणे याचा सामान्य अर्थ आपण ‘शोध लवकर ओळखणे’ असा करतो. या उदाहरणातून दुसरा अर्थ निघतो. शोध तर वर्तमानपत्रातही येतो. तो आणि त्याचा उपयोग करणारा यांच्यामध्ये काय नाही, हे पाहायला मात्र त्या जागी राहावे लागते. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला संकरित ज्वारीचे उत्पन्न ठाऊक होते. जालन्याच्या माणसाला हेही ठाऊक होते, की मृगाच्या आधी बियाणे मिळाले नाही तर त्या उत्पन्नाला काही अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट जीवशास्त्राची. संकरित पिकाची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार येते. तिचेच दाणे राखून पुन्हा पेरले, तर दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात आणि जोम ओसरतो. म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते. अमेरिकेत हेन्री वॉलेस यांनी १९२६ साली मक्याच्या संकरित बियाण्याची कंपनी काढली ती याच गुणधर्माच्या आधारावर. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हे निसर्गाने लावलेले कुलूप होते: नक्कल करता येत नाही आणि गिऱ्हाईक परत येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर कणगीत बी राखून ठेवण्याची, ते शेजाऱ्याला उसने देण्याची, लेकीबरोबर सासरी पाठविण्याची रीत येथून सुटत गेली. एकाच वस्तुस्थितीची ही दोन वर्णने आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

१९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००१ मध्ये पद्मभूषण. जालना हे बियाण्याचे शहर म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले आणि इतरही बियाणे कंपन्या येथे वाढल्या. २०१७ मध्ये ते वारले. या यशाचे मोल कमी करण्याचे कारण नाही. मात्र हा इतिहास येथे संपविला तर तो चरित्रनायकाचा इतिहास होईल, तंत्रज्ञानाचा होणार नाही.

*

कंपनी बियाणे विकते, पण पिकवते कोण? महिकोसारख्या कंपन्यांचे बियाणे हजारो लहान शेतकऱ्यांच्या वावरांत तयार झाले. ज्वारीत नराच्या आणि मादीच्या ओळी शेजारी शेजारी पेरून परागीभवन वाऱ्यावर सोपवता येते. कापसाचे तसे नाही. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हा कापूस काढला. तो जगातला व्यापारी लागवडीतला पहिला संकरित कापूस मानला जातो. त्याचे बियाणे करण्याची रीत अशी: संध्याकाळी उमलू पाहणारी प्रत्येक कळी हाताने सोलून तिचे पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग तिच्यावर फिरवायचे. एका एकरात हे हजारो वेळा करावे लागते. अमेरिकेसारख्या देशात इतकी मजुरी परवडली नसती. भारतात परवडली, कारण हे काम बायकांच्या आणि अनेक ठिकाणी लहान मुलींच्या बोटांनी झाले. संकरित कापसाच्या क्रांतीत मूळ भांडवल कोणाचे, असे विचारले तर ही बोटे मोजावी लागतील. फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाई येथे पुन्हा आठवतात.

बियाणे विकत घेणारा शेतकरी हादेखील गुंतवणूकदारच आहे आणि तो सर्वांत आधीच्या टप्प्यात उतरतो. त्याच्याजवळ ताळेबंद नसतो, बाहेर पडण्याची वाट नसते. एका हंगामात तो वर्षाचे सगळे भांडवल मातीत घालतो. १९६० च्या दशकाअखेर संकरित बाजरीने भरघोस उत्पन्न दिले, आणि मग १९७० च्या दशकाच्या आरंभी गोसावी रोगाने ‘एचबी’ मालिकेतली बाजरी मोठ्या प्रमाणावर बसली. पुसा सावनीची रोगप्रतिकारशक्तीही कालांतराने ओसरली. नवे वाण काढणाऱ्या संस्थेने दुसरे वाण काढले. ज्याची बाजरी गेली त्याचे ते वर्ष मात्र परत आले नाही.

भाषेने हे सगळे नोंदवून ठेवले आहे. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत पाहुणा राहिला नाही. ज्वारीलाच लोक हायब्रीड म्हणू लागले, आणि तिच्या भाकरीला चव नाही हेही त्याच नावात आले. पुढे तो माणसांनाही लावला गेला. दिसायला टपोरी पण कस नसलेली पिढी ती हायब्रीड पिढी, असे वडीलधारी बोलत. समोर ‘गावरान’ हा शब्द उभा राहिला, ज्याला पूर्वी वेगळ्या उच्चाराची गरजच नव्हती, कारण सगळेच गावरान होते. तंत्रज्ञानावरचा लोकांचा अभिप्राय पाहायचा असेल तर विक्रीच्या आकड्यांबरोबर असे शब्दही तपासावेत. आकडे सांगत होते की लोक हायब्रीड पेरतात. शब्द सांगत होता की ते त्याच्याविषयी काय म्हणतात.

कादंबरीनेही नोंद घेतली. संकर-४ नंतर एका वर्षाने, १९७१ साली, आनंद यादवांची ‘गोतावळा’ आली. तिच्यातला मालक ट्रॅक्टर आणतो, ही शेतीच्या हिशेबात शहाणी गुंतवणूक आहे. कादंबरी मात्र नारबा या सालगड्याच्या नजरेतून पाहते, आणि त्या नजरेला ज्या गोतावळ्यात आयुष्य गेले त्या जनावरांची पांगापांग दिसते. यादव ट्रॅक्टरच्या विरोधात युक्तिवाद करीत नाहीत. ताळेबंदात ज्याला रकाना नाही त्याचे काय झाले, एवढेच ते सांगतात.

*

शेवटचा अंक बीटी कापसाचा. बोंडअळीला मारक असे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या अमेरिकी कापसाचे अवघे १०० ग्रॅम बियाणे आयात करण्याची परवानगी महिकोला १९९० च्या दशकाच्या मध्यात मिळाली. शंभर ग्रॅम म्हणजे ओंजळभरही नव्हे. त्यातला गुण भारतीय संकरांत उतरविण्याचे आणि चाचण्यांचे काम पुढची काही वर्षे चालले. १९९८ साली मोन्सॅन्टोने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला. २६ मार्च २००२ रोजी केंद्रीय समितीने तीन बीटी संकरांना मान्यता दिली. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातमध्ये हजारो एकरांवर परवानगीवाचून पेरलेला बीटी कापूस उघडकीस आला होता. मान्यता देणाऱ्यांच्या आधी शेतकऱ्यांनी ते तंत्र ओळखले होते. अळीने पोखरलेल्या शेतात एक हिरवे शेत उभे असेल, तर त्याला दुसऱ्या प्रमाणपत्राची गरज भासत नाही.

आरंभी ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे १६०० रुपये पडत. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने दाद मागितल्यानंतर किमती निम्म्याहून खाली आल्या. दशकभरात देशातला बहुतेक कापूस बीटी झाला. फवारण्या सुरुवातीला घटल्या, उत्पादन वाढले. २०१० मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रकारच्या बीटीला जुमानत नसल्याचे कंपनीनेच मान्य केले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात, मराठवाड्यासह, दुसऱ्या प्रकारच्या बीटी कापसावरही तिने हाहाकार उडवला. रायन आणि ग्रॉस यांच्या वक्राला उतरणीची बाजू असते हे येथे दिसले. कीटकही शिकत असतात आणि त्यांच्या पिढ्या आपल्यापेक्षा वेगाने बदलतात.

बीटीला मान्यता मिळाली त्याच २००२ साली सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ प्रसिद्ध झाली. देशमुख बुलढाणा जिल्ह्याचे, म्हणजे जाफराबादच्या शिवेपलीकडचेच. शिकूनही नोकरी नसलेला आणि शेतीतही भविष्य न दिसणारा तरुण त्या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. २००४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जालना परिसरात एकाच वेळी दोन दस्तऐवज तयार होत होते. एकात नव्या बियाण्याच्या क्षमतेचे मोजमाप होते, दुसऱ्यात ते पेरणाऱ्याच्या सहनशक्तीचे. यांतला एकच वाचून त्या काळाविषयी मत बनविणारा, मग तो गुंतवणूकदार असो की समीक्षक, अर्धाच शहाणा ठरेल.

*

मग आरंभीच्या प्रश्नाचे काय? या उदाहरणांतून काही हाती लागते का? मला वाटते, थोडे लागते. लहान पण पूर्ण प्रयोग मोठ्या आश्वासनापेक्षा अधिक सांगतो. ज्या व्यवसायात आपण वावरतो तेथलीच नवी गोष्ट आपल्याला नीट दिसते. शोध आणि उपयोग यांच्यातला तुटलेला दुवा शोधावा. आणि परतावा नेमका कोणाच्या श्रमातून, कोणाच्या जोखमीतून येतो, हे आधीच विचारून ठेवावे. हा शेवटचा प्रश्न केवळ नीतीचा आहे असे कोणी समजू नये. ज्या तंत्राची जोखीम सर्वांत दुबळ्या खांद्यावर आहे, ते खांदे वाकले की तंत्रही कोसळते. बाजरीच्या आणि बोंडअळीच्या वर्षांनी ते दाखवून दिले.

यशस्वी द्रष्ट्यांच्या कथांत एक दोष असतो, तोही सांगितला पाहिजे. ज्यांनी तितक्याच खात्रीने चुकीच्या अंकुरावर पैसा लावला त्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत. १८६५ साली अमेरिकी यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतल्या बॅकबे कंपनीच्या शेअरांसह कितीतरी घरे बुडाली. त्यांतल्या प्रत्येकाला आपण भविष्य ओळखले आहे असेच वाटत होते. त्यांनी चढता भाव पाहिला होता. अंकुर पाहिला नव्हता.

आयोवाच्या त्या अभ्यासात एक साधे निरीक्षण आहे. नव्या बियाण्याची बातमी शेतकऱ्यांना बहुधा विक्रेत्यांकडून कळली, पण पेरण्याचा निर्णय त्यांनी शेजाऱ्याचे पीक पाहून घेतला. पेरतानाही बहुतेकांनी पहिल्या वर्षी शेताच्या थोड्याच भागात पेरून पाहिले. टेंभुर्णीच्या शिवारात हे कोणाला सांगण्याची गरज नाही. नवे वाण आले की जाणता शेतकरी एखादे पाकीट घेतो, बांधाच्या कडेने चार तासे त्याची घालतो आणि उरलेल्या वावरात ओळखीचेच पेरतो. मग हंगामभर, खुरपताना, पाणी देताना, तो त्या चार तासांकडे पाहत राहतो. फुले केव्हा लागली, पाने कशी आहेत, अळी कोणत्या आठवड्यात आली. शेजारीही येता-जाता पाहतात आणि विचारतात. पुढच्या वर्षी ती चार तासे दोन एकर होतात, किंवा नाहीशी होतात.

फाळक्यांच्या कुंडीतला वाटाणा आणि बांधाकडेची ही चार तासे, यांत फार अंतर नाही. अंतर आहे ते असे, की पहिल्यासाठी कोणीतरी पैसे दिले आणि दुसऱ्यासाठी शेतकरी स्वतः देतो. त्याच्या चाचणीचे निष्कर्ष कोणत्याही नियतकालिकात येत नाहीत. ज्या वर्षी व्याज चढलेले असते आणि दुकानदार एकाच पाकिटाचा आग्रह धरतो, त्या वर्षी त्याला चार तासे घालून पाहण्याचीही सवड मिळत नाही. सगळे वावर एकदम त्या पाकिटावर लावावे लागते. नव्याची पारख करण्याची विद्या आपल्या गावांत आहे. ती वापरता येईल इतकी उसंत शेतकऱ्याच्या हाती राहते की नाही, हे मात्र बियाणे ठरवत नाही.